भट्टीचा कापूस

११ जानेवारी

डायरी लिहायची सवय मला नाही. भट्ट्या बनवणाऱ्या कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो, तिथल्या नोंदवह्या भरूनच हात दुखून येतो. पण आज एक गोष्ट जमली आणि ती कुणाला तरी सांगावीशी वाटली. हिला सांगितली तर ही म्हणाली, "अहो, या वयात सिगारेटी वळायला शिकलात आणि वर कौतुकाने सांगताय?" तेव्हा म्हटलं, वहीच बरी. ती टोमणे मारत नाही.

दादासाठी करतोय. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, फळबाजारात लिलाव पुकारतो. बाबा गेले तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता आणि मी अकरा. त्याच्या त्या आवाजावर घर चाललं आणि मी शिकलो. आता तो आवाज बसायला लागलाय. घशाच्या डॉक्टरीणबाईंनी मागच्या महिन्यात सांगितलं, धूर बंद करा. दादाने मान डोलावली आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरताच एक शिलगावली. वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हीच काहीतरी करा. तुमचं ऐकतात ते." दादाने आजवर माझं कधीही ऐकलेलं नाही, पण वहिनींच्या तोंडून ते बरं वाटलं.

माझा विचार असा: सुटत नसेल तर निदान गाळून तरी ओढ. दुकानातली फिल्टरची त्याला मिळमिळीत लागते. त्याला त्याची सुटी तंबाखू हवी, हाताने वळलेली. म्हणून मी नळी केली. पेट्यांना लावायची जाड लेबलं उरतात, त्यांची बोटभर रुंद पट्टी कापायची, सळईवर तिरपी गुंडाळायची, खळ लावायची, वाळली की सळई ओढून घ्यायची. नळीत मध्ये बोळा, एका तोंडात सिगारेट बसवायची, दुसरं ओठांत धरायचं. ओढून झाली की नळीसकट फेकून द्यायची, म्हणजे मळ साचायचा प्रश्न नाही. आज सहा केल्या. पहिल्या पाच वाकड्या झाल्या, सहावी सरळ आली.

१५ जानेवारी

साध्या कापसाचा बोळा चालत नाही. शेवटच्या झुरक्यांना करपतो. दादा म्हणाला, "इंजिनियर, शेवटी शेवटी गादी जळल्यासारखी लागते रे." लहानपणी मी गजराचं घड्याळ उघडलं होतं आणि मला ते परत बंद करता आलं नव्हतं, तेव्हापासून मी त्याचा इंजिनियर. चारचौघांतही तसंच म्हणतो.

आज दुपारी स्टोअरमध्ये बसल्या बसल्या उत्तर सापडलं. माझ्या पाठीमागच्या फडताळात ते सतरा वर्षं पडून आहे. भट्टीचा कापूस! भट्टीच्या दोन पत्र्यांच्या मध्ये आम्ही तो भरतो. पांढरा, मऊ, आणि कितीही तापवा, जळत नाही. कापणीच्या टेबलाखाली त्याचे तुकडे पडलेलेच असतात. पिशवीभर उचलले.

कापणीच्या मावशींनी तोंडावरचं फडकं खाली करून विचारलं, "कशाला हो नेताय?"

सिगारेटींचं त्यांना काय सांगायचं, म्हणून म्हटलं, "घरी खिडकीच्या फटीत भरायला."

"घरात नका नेऊ," त्या म्हणाल्या. "मी घरी गेले की आधी हे कपडे वेगळे भिजवते. टोचतो मेला."

मावशींना सगळ्याचंच भय. दिवसभर ढिगात हात घालणं वेगळं आणि वाटाण्याएवढा बोळा वेगळा.

१९ जानेवारी

दादाने आज मला शाबासकी दिली. तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण यापूर्वीची मला आठवत नाही.

बोळा अजिबात करपत नाही. ओढून झालेली नळी दादाने चाकूने उभी चिरली आणि वहिनींना दाखवली. आतला पांढरा बोळा तपकिरी झाला होता. "बघ, एवढा मळ एरवी माझ्या छातीत गेला असता," तो म्हणाला. सकाळी तीच नळी त्याने बाजारात सगळ्यांना दाखवली म्हणे. "माझ्या भावाने बनवलीय. डोकं आहे त्याला."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस मी, पण घरी येताना वाटेत एकटाच हसत होतो. वहिनींनी दाराशी हात जोडले, म्हणाल्या, "तुमच्यामुळे निदान गाळून तरी ओढतात." पूर्वी दिवसाला आठ ओढायचा, आता चौदा होतात. हलक्या लागतात म्हणतो. तेवढ्याला मी पुरवठा कमी पडू देणार नाही.

२ फेब्रुवारी

आता हात बसलाय. जेवणाच्या सुट्टीत वीस नळ्या होतात. कात्रीने बोळे कापायचे, चिमट्याने बसवायचे, दोन्ही बाजूंनी कागदाची चकती, चकतीला सुईने पाच भोकं. सिगारेटी घरी वळतो, दोन रुळांच्या छोट्या यंत्रावर. ही म्हणते, संसारात एवढं मन कधी घातलं नाहीत.

मी स्वतः ओढत नाही, त्यामुळे चवीचं दादा सांगेल ते. परवा नुसती नळी तोंडात धरून पाहिली. जिभेला आणि ओठाला चरचरलं. खळ असेल. खळ बदलली पाहिजे.

गेटवरच्या पहारेकरी काकांनी मला कामात पाहिलं. तेही हातवळणीच्या ओढतात. म्हणाले, "साहेब, आमच्यासारख्याला नाही का मिळायची?" मला साहेब म्हणणारा कारखान्यात दुसरा कोणी नाही. तीस नळ्यांचा डबा दिला, दर सोमवारी देतो म्हणून सांगितलं. आज सकाळी त्यांनी उठून सलाम केला.

१३ फेब्रुवारी

दादाचा आवाज फुटतोय. सर्दी आहे म्हणतो. घसा सारखा खाकरतो, काहीतरी अडकल्यासारखं वाटतं म्हणतो. काकाही गेटवर खोकत होते. हवाच तशी आहे. दादाला म्हटलं, जरा कमी कर. म्हणाला, "तुझ्या तर हलक्या आहेत. त्याने काय होतंय?"

खळ बदलली.

२० फेब्रुवारी

आज सुट्टी काढून बाजारात गेलो होतो. दादानेच बोलावलं होतं, मोठा लिलाव होता. शाळेत असताना त्याचं पुकारणं ऐकायला जायचो, त्यानंतर आजच.

तो पेटीवर चढला. पहिल्या दोन ढिगांपर्यंत ठीक चाललं. तिसऱ्याला आवाज वर नेला आणि तो मध्येच तुटला. नुसती हवा आली. दादा पाणी प्यायला, पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा हवा. मागून कोणीतरी हसलं. मग सगळे इतके गप्प झाले की ते हसणंच बरं होतं. शेजारच्या ओळीतला पुकारणारा येऊन पेटीजवळ उभा राहिला. दादा खाली उतरला आणि त्याला जागा दिली.

माझ्यापाशी येऊन त्याने खांद्यावर हात ठेवला. फक्त ओठ हलवून म्हणाला, "दे एक."

मी पेटवून दिली.

२४ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंनी घशात दुर्बीण घालून पाहिलं. स्वरयंत्र सुजलंय, एका बाजूला पांढरट डाग आहे. अकरा मार्चला भूल देऊन तेवढा तुकडा कापून तपासायला पाठवणार. दादाने खुणेने विचारलं, आवाज? बाई म्हणाल्या, "कापल्यावर पहिल्यासारखा येईलच असं मी सांगू शकत नाही. पण या डागाला धुराशिवाय दुसरं कारण दिसत नाही, तेव्हा थांबता येणार नाही." तोवर पूर्ण मौन. दादाला पाटी-पेन्सिल आणून दिली. ज्याच्या पुकारण्याने अख्खा बाजार चालायचा तो मांडीवर पाटी घेऊन बसलाय.

काय ओढता, असं बाईंनी विचारलं तेव्हा वहिनीच म्हणाल्या, "हल्ली भाऊजी बनवून देतात. फिल्टरच्या. तेवढं तरी बरं आहे." दादाने माझ्याकडे बोट दाखवून मान उंचावली.

बाई म्हणाल्या, "एक आणा पुढच्या वेळी. बघू दे."

२५ फेब्रुवारी

सकाळी स्टोअर उघडलं. कापसाचा नवा गठ्ठा आला होता, तो फडताळात चढवायला उचलला. त्याच्या वेष्टनावर चित्रं आहेत. तोंडाला मास्क लावलेला माणूस. हातमोजे. चष्मा. सतरा वर्षं मी ही चित्रं पाहतोय आणि आज ती पाहिली.

छपराच्या काचेतून दहाच्या सुमाराला माझ्या टेबलावर उन्हाची तिरीप येते. एक तयार नळी घेतली, उन्हात धरली आणि ओढायच्या टोकाकडे हवा येईल अशी दुसऱ्या टोकाने फुंकली. त्या तिरपीत बारीक चकचकीत कुसळं उडाली. दुसरी घेतली, तेच. अकरा नळ्या फुंकून पाहिल्या. काय बघायचं राहिलं होतं कोण जाणे.

मग साठ्याची नोंदवही उघडली. दरवर्षी पहिल्या पानावर मालाची यादी मी स्वतः लिहितो. एकोणिसावी ओळ, माझ्याच वळणदार अक्षरात: भट्टीचा कापूस (काचेचे धागे).

मी त्याला काच ओढायला लावली. दिवसाला चौदा वेळा, जवळजवळ दीड महिना.

गेटवर नवा माणूस आहे. त्याने माझ्याकडे ओळखपत्र मागितलं, मी उगाच त्याच्यावर खेकसलो.

२७ फेब्रुवारी

आजचं लिहायला हात वळत नाही, पण दुसरीकडे कुठे सांगू?

काल रात्रीच ठरवलं होतं की दवाखान्यात गेलो की सगळं सांगायचं. वाक्य पाठ केलं होतं. सकाळी मात्र औषधाच्या दुकानात गेलो, साधा कापूस घेतला आणि स्टोअरच्या टेबलावर बसून एक नवी नळी केली. तोच कागद, तशाच चकत्या, पाच भोकं. आजवरच्या सगळ्यांत ती देखणी झाली. माझे हात जराही थरथरले नाहीत, याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

बाईंनी ती चिमट्याने उलगडली. "साधा कापूस आहे," म्हणाल्या. "याने फायदा काही नाही, पण तोटाही नाही." वहिनींनी सुस्कारा टाकला. मीही टाकला. मग दादाने हात पुढे करून ती उलगडलेली नळी मागून घेतली. बराच वेळ उलटसुलट करून बघत होता. माझी कारागिरी बघत असावा. मग नळी खिशात घालून घेऊन गेला.

१ मार्च

सांगितलं नाही.

दादाकडचा नळ्यांचा डबा परत आणायला गेलो. म्हटलं, दमट झाल्या असतील, बदलून देतो. वहिनी म्हणाल्या, "दवाखान्यातून आल्यापासून एकही ओढली नाही त्यांनी. डबा उशाखाली ठेवलाय, कुणाला हात लावू देत नाहीत." चला, ओढत नाही हे तरी चांगलं झालं. मनावर घेतलं म्हणायचं एकदाचं.

३ मार्च

ही म्हणाली, "दादांच्या काळजीने किती वाळलात तुम्ही." शेजारणीलाही सांगत होती, असा भाऊ मिळायला भाग्य लागतं. मी आत जाऊन तोंड धुतलं.

मी स्वतःची समजूत घालायचे सगळे प्रकार करून पाहिले. कदाचित डाग आधीचाच असेल. तीस वर्षांच्या धुराने काय कमी केलं असेल? मी चांगल्यासाठीच केलं. हे शेवटचं तर अगदी खरं आहे, आणि त्याचा काही उपयोग नाही. कारण नळी बदलली ती काही चांगल्यासाठी नव्हती. झालेल्या चुकीचं दुःख मी सहन केलं असतं. पण दादाने सगळ्या बाजारात सांगितलंय, डोकं आहे त्याला. ते परत घ्यावं लागेल म्हणून मी गप्प आहे. एवढ्याशा शाबासकीसाठी मी त्याचा गळा कापू देतोय.

७ मार्च

सांगितलं नाही. वहिनींनी दाराशीच विचारलं, "भाऊजी, ऑपरेशनच्या वेळी तुम्ही आत त्यांच्याजवळ थांबाल ना? तुम्ही असलात की त्यांना धीर येतो." हो म्हटलं.

१० मार्च

सांगितलं.

दुपारी वहिनी दवाखान्याची पिशवी भरत होत्या. दादा खिडकीशी खुर्चीत होता, पाटी मांडीवर. मी समोर स्टुलावर बसलो. पाठ केलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं. म्हटलं, "दादा, त्या नळ्यांत भट्टीचा कापूस होता. काच असते त्यात. मला माहीत असायला हवं होतं. माहीत होतंच. आणि डॉक्टरांना दाखवली ती मी मुद्दाम दुसरी करून आणली होती."

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. पाटीवर लिहिलं: ती वेगळी होती. बोळा बघून कळलं.

ओल्या फडक्याने पुसलं. मग: का केलंस ते कळत नव्हतं. बघत होतो सांगतोस का.

म्हणजे अकरा दिवस त्याला माहीत होतं की मी काहीतरी लपवतोय. उशाखालचा डबा त्याने काढून माझ्यासमोर ठेवला. वर ती उलगडलेली नळी, खाली माझ्या खऱ्या नळ्या. उद्या ऑपरेशनच्या आधी तो स्वतःच दोन्ही बाईंना दाखवणार होता. तो मला वेळ देत होता आणि मी तो वेळ दिवसादिवसाने खाऊन टाकला. मी रडलो. तो रडू नको म्हणाला नाही, आणि ते बरोबरच होतं.

वहिनी पिशवी तशीच टाकून दारात उभ्या होत्या. सगळं ऐकलं होतं त्यांनी. एवढंच म्हणाल्या, "चला दवाखान्यात. आत्ता." मला भाऊजी म्हणाल्या नाहीत.

बाईंनी खरी नळी भिंगाखाली धरून चिमट्याने बोळा उलगडला. मग मला म्हणाल्या, "तुम्ही इथेच, या खुर्चीत बसून मला साधा कापूस दाखवलात." उद्याचं ऑपरेशन थांबवलं. घसा धुऊन औषधं देणार, तीन आठवड्यांनी पुन्हा बघणार. सूज आणि डाग त्या कुसळांमुळेच असतील तर कापायची वेळ येणार नाही. आवाजाचं त्या आजही काही सांगू शकल्या नाहीत.

घरी आल्यावर दादाने मला थांबायची खूण केली. मला वाटलं, आता शिव्या. मी त्यासाठी तयार होतो, खरं तर वाटच बघत होतो. त्याने पाटी पुसली, सावकाश लिहिलं आणि माझ्याकडे वळवली.

अजून कुणाला दिल्यास?

कुणालाच नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं.

११ मार्च

सकाळी हजेरी ठेवणाऱ्या कारकुनाकडून पहारेकरी काकांच्या घरचा पत्ता घेतला. चोवीस फेब्रुवारीपासून ते रजेवर आहेत, कारण म्हणून लिहिलंय: खोकला. गेटवरच्या त्या नव्या माणसासमोरून मी दोन आठवडे रोज दोनदा गेलो आणि हा इथे का बसलाय असा प्रश्न मला एकदाही पडला नाही. एवढे दिवस या वहीत शरम शरम म्हणून लिहितोय, पण तीही माझ्या आणि दादापुरती. काकांच्या बाबतीतली नाहीच.

दोन खोल्यांचं घर. काकांच्या लेकीने दार उघडलं. मी कारखान्यातून आलोय म्हटल्यावर तिने ओढणी सारखी केली आणि आत वळून म्हणाली, "बाबा, साहेब आलेत. तुम्हाला बघायला आलेत."

काका पलंगावर उशांना टेकून बसले होते. अर्धे झालेत. मला पाहून उठायला लागले, खोकल्याची उबळ आली, तरी कपाळाशी हात नेलाच. श्वास सापडेपर्यंत मी उभा होतो. खिडकीच्या कठड्यावर माझा डबा होता, स्वच्छ पुसलेला, झाकण बाजूला, आतून रिकामा.

"एवढ्या लांब कशाला आलात साहेब," काका म्हणाले. मग लेक आत गेल्याचं पाहून आवाज खाली आणला आणि हसले. "त्या तुमच्या नळ्या संपल्या हो. जपून जपून ओढल्या. आणल्यात का?"

लेक आतून खुर्ची घेऊन आली. बसा म्हणाली. मी बसलो नाही. ती जायला वळली, तिलाही थांब म्हटलं, आणि उभ्यानेच सांगायला लागलो.